मधल्या भिंतीवरची हवा

सासूबाईंना जाऊन चार महिने झाले असतील. दुपारची जेवणं चालली होती आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, बाजारातली एखादी गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "काल ती येऊन गेली."

नवरा डोलवीला पोलादाच्या कारखान्यात शिफ्टवर होता. पानावर बाबा, मी आणि मुलगी. ती तेव्हा पाचवीत होती. तिने विचारलं, "कोण आलं?"

"तुझी आजी. दिसली नाय. वास आला. लवंगेचा."

सासूबाईंच्या गालात कायम लवंग असायची. डावीकडची खालची दाढ किडलेली, घरात सून दातांची डॉक्टर, पण त्या माझ्या खुर्चीत एकदाही बसल्या नाहीत. "तुझ्या मशीनचा आवाज माझ्या डोक्यात जातो गो," म्हणायच्या, आणि मसाल्याच्या डब्यातली लवंग काढून गालात सरकवायच्या. बोलायला तोंड उघडलं की आधी लवंग यायची आणि मग शब्द. त्या गेल्या ते हृदयाने, दाताने नाही. कमरेच्या पिशवीत पाच-सहा लवंगा निघाल्या. त्या बाबांनी कुठे ठेवल्या, मला माहीत नाही.

एकट्या पडलेल्या माणसाला असं होतं, असं मनात म्हटलं आणि आमटी वाढली.

आमचं घर रोह्यात, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. पडवीत पेशंट बसतात. पडवीच्या आत पूर्वी एक लांबलचक खोली होती. मी लग्न होऊन आले, दवाखाना काढायचं ठरलं, तेव्हा तिच्यात मधोमध भिंत घालून दोन खोल्या केल्या. पुढची दवाखान्याची, मागची बाबांची. मधल्या भिंतीला दार नाही. बाबांच्या खोलीत जायचं तर बाजूच्या बोळातून, स्वयंपाकघरावरून जावं लागतं.

आता कोणीही म्हणेल, बाई, दातांच्या दवाखान्यात लवंगेचं तेल असतंच, त्याचा वास जात असेल मागे. मलाही ते सुचलं होतं. दाताच्या पोकळीत तात्पुरतं भरायचं सिमेंट मी लवंगेच्या तेलातच कालवते. पण मध्ये विटांची भिंत होती, तिला दार नव्हतं, आणि दवाखान्याच्या दाराला खालून रबराची पट्टी लावलेली होती. शिवाय माझ्या नाकाला तो वास येणं कधीच बंद झालेलं. मी एकदा त्यांच्या खोलीत मुद्दाम जाऊन उभी राहिले. मला काहीच कळलं नाही. म्हणून तो विषय मी सोडून दिला.

बाबा मात्र सांगत राहिले. रोज नाही, आठवड्यातून दोनदा-तीनदा. ते सकाळभर बाहेर असायचे, संध्याकाळी पुलाकडे जायचे. खोलीत असायचे ते दुपारचे दोन-अडीच तास. त्या वेळात कधीतरी यायची. "कॉटच्या उशाकडनं येते," म्हणायचे. "वरनं आल्यासारखी."

पुढे साथ आली आणि सगळं बंद झालं. दवाखान्याला कुलूप लागलं. तेव्हा बाबा दिवसभर खोलीतच असायचे, आणि त्या दीड-दोन महिन्यांत वास एकदाही आला नाही. ते कष्टी झाले. "दिवसभर मी हाय तर ती येत नाय," म्हणाले. "तिला गर्दीचा कंटाळा होता, पण मी काय गर्दी हाय?"

मी हे ऐकलं, आणि तरीही दोन आणि दोन चार केले नाहीत. याचं मला आजही नवल वाटतं.

दवाखाना पुन्हा उघडायची वेळ आली तेव्हा मला भीती वाटत होती ती माझ्याच मशीनची. दात कोरायच्या मशीनला सोबत पाण्याचा फवारा लागतो, नाहीतर दात तापतो. ते पाणी, पेशंटची थुंकी, कधी रक्त, सगळं मिळून तोंडातून धुकं उठतं. इतकी वर्षं मी त्या धुक्यात वाकून काम केलं होतं आणि त्याला पाणी उडणं म्हणत होते. मोठे थेंब पडतात. बारीक थेंब पडत नाहीत, ते खोलीत तरंगत राहतात, पेशंट निघून गेल्यावरसुद्धा.

पेणला माझं माहेर. दादाचा तिथे गणपतीचा कारखाना आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसला.

"बाय, म्हणजे आमच्या गनसारखंच की. आम्ही रंग मारतो तेव्हा गणपतीवर निम्माच बसतो. बाकीचा हवेत. आमचा दिसतो म्हणून आम्ही तोंडाला फडकं बांधतो. तुझा दिसत नाय, एवढाच फरक."

"मला तो बघायचाय," मी म्हटलं.

त्या वर्षी मूर्तींना मागणी कमी होती, दादा मोकळा होता. पास मिळाल्यावर तो आला, आणि येताना गोणपाटात गुंडाळून एक डोकं घेऊन आला. प्लास्टरचं, माणसाच्या आकाराचं, मी सांगितल्याप्रमाणे तोंड उघडं. रंग नव्हता. डोळ्यांच्या जागी नुसते उंचवटे होते. मी बरणीत जपून ठेवलेले काढलेले दात त्या तोंडात बसवले आणि ते खुर्चीच्या उशीवर ठेवलं.

माझ्याकडे कामाला मावशी आहेत. खाडीकडच्या गावातल्या, मी दवाखाना काढल्यापासून माझ्यासोबत. पेशंटच्या तोंडाशी पाणी ओढणारी सक्शनची नळी धरणं, हत्यारं उकळणं, सगळं त्याच बघतात. त्यांनी ते डोकं बघितलं आणि दारातच थांबल्या.

"ह्याचं डोळं काढलं नाय?"

"काय गरज?" दादा म्हणाला.

"मग ह्यो बघतो कुठनं?"

दादाने डोकं उशीवर सरळ केलं.

डोळ्यांचे डॉक्टर बुबुळावरची जखम शोधायला एक पिवळा रंग वापरतात. तो मी मशीनच्या पाण्यात मिसळला. खिडक्यांना आतून गोधड्या लावल्या. भर दुपारी खोलीत अंधार झाला. मावशींनी नळी धरली, मी मशीन सुरू केलं आणि दहा मिनिटं त्या डोळे नसलेल्या माणसाचे दात कोरले. तो हलला नाही, कण्हला नाही. मला सवयीने दोनदा "दुखतंय का?" असं विचारावंसं वाटलं.

नंतर दात भरल्यावर सिमेंट कडक करायचा जो निळा दिवा असतो, तो पेटवला. त्याच्यासमोर धरायची केशरी काच असते. तिच्यातून बघितलं की तो रंग चमकतो.

आधी चेहरा चमकला. कपाळ, गाल, डोळ्यांचे उंचवटे. हे मला अपेक्षित होतं. मग माझे हात, कोपरापर्यंत. मग मावशींचा गळा. मास्कच्या खाली, मंगळसूत्राच्या वाटीवर हिरवट ठिपके. दिव्याच्या दांडीवर. पाण्याच्या जगवर. सहा फूट लांबच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या तारखांवर. दाराच्या कडीवर, जिथे रंग मिसळल्यापासून आम्ही कोणी हात लावलेला नव्हता. मी दिवा पुढे नेत गेले आणि ठिपके पुढे पुढे निघत गेले, आमच्या आधी खोलीभर कोणी हात लावत फिरून गेल्यासारखे.

मावशी हळूच म्हणाल्या, "बाई, इतकी वरसं हे आमच्या अंगावर व्हतं?"

"व्हय," मी म्हटलं. घाबरले की मीही त्यांच्यासारखीच बोलते.

सगळं पुसून आम्ही पुन्हा एकदा करून बघितलं. या वेळी दाताभोवती रबराचा पडदा लावला, म्हणजे फक्त दात वर आणि बाकी तोंड खाली झाकलेलं. नळी मोठ्या तोंडाची घेतली आणि मावशींनी ती दातापासून बोटभर अंतरावर धरली, हलू दिली नाही. पुन्हा दिवा लावला तर ठिपके अगदी थोडे होते. भिंत स्वच्छ होती. मला हायसं वाटलं. मावशी नळी धरलेल्या हाताकडे बघत राहिल्या, जणू तो हात त्यांना नवीनच मिळाला होता.

दादाला मात्र समाधान नव्हतं. तो कॅलेंडरसमोर उभा होता.

"भिंतीवर बसला तो फवारा बरा," तो म्हणाला. "बसला नाय तो कुठं गेला, ते बघायला पायजे. तुला इथे बाहेर फेकणारा पंखा हवा."

पंखा तेव्हा मिळत नव्हता. दुकानं बंद होती, मागवलेला माल वाटेत अडकला होता. तोवर मी ठरवलं की एसी लावायचा नाही, नदीकडची खिडकी सताड उघडी ठेवायची, पेशंटला आधी औषधाच्या गुळण्या करायला लावायच्या, आणि एक पेशंट झाला की अर्धा तास खोली रिकामी सोडायची. अर्धा तास दार बंद, आत कोणी जायचं नाही. बाबांना तर आम्ही फार जपलं. त्यांचं ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवायचे. मुलगी वरच्या मजल्यावर. नवरा त्या महिन्यांत डोलवीला कारखान्याच्याच वसाहतीत राहत होता. बाबा बोळात पाऊल टाकत नसत.

तो अर्धा तास मला आवडत नसे. मी आणि मावशी पडवीत, लांब लांब दोन खुर्च्यांवर, समोर बंद दार. आत नुकतंच कोणीतरी तोंड उघडून पडलेलं होतं आणि त्याच्या श्वासाचा काही भाग अजून आत होता. तो माणूस एव्हाना घरी पोचला असेल, भात खात असेल. मावशी दाराकडे पाठ करून बसायला तयार नसत.

जुलैत एका सकाळी कोलाडचे एक गृहस्थ आले. महामार्गावर त्यांचं खानावळीसारखं हॉटेल होतं, तेव्हा अर्थात बंद. गाल सुजलेला, तीन रात्री झोप नाही. ताप विचारला, नाही म्हणाले. खोकला विचारला, नाही म्हणाले. दात उघडून आतला पू मोकळा करणं भाग होतं. पण दात इतका तुटलेला की रबराचा पडदा त्याला धरेना. दोनदा लावला, दोनदा निसटला. शेवटी तसंच केलं. मशीन चालू असताना ते एकदा खोकले. एकदाच. आत लवंगेच्या तेलाचा कापूस ठेवला, वरून सिमेंट भरलं, आणि ते हात जोडून गेले.

दुपारी मी बाबांचं ताट ठेवायला गेले. ते दाराच्या आतून म्हणाले, "आज सकाळीच आली गो. अकराच्या सुमाराला. बराच वेळ होती." त्यांचा आवाज खुशीत होता.

मी म्हटलं, "जेवून घ्या, गार होईल."

तीन दिवसांनी कोलाडहून फोन आला. त्यांना ताप होता आणि तपासणीत आजार निघाला होता. "म्याडम, मला खरंच माहीत नव्हतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी आणि मावशी दोघींनी तपासणी केली, निकाल येईपर्यंत दोघी वेगळ्या राहिलो. आम्हाला काहीच निघालं नाही. आम्ही डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या होतो, आणि मला जरा अभिमानही वाटला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांना ताप आला.

मी त्यांच्या दाराबाहेर उभी राहून हिशोब लावत होते. ते बाहेर गेले नव्हते. त्यांच्याकडे कोणी आलं नव्हतं. ताट मी ठेवायचे, पण मला काही नव्हतं. दूधवाला गेटवर पिशवी अडकवून जायचा. मग ते आत आलं कसं? सगळीकडून बंद केलेल्या घरात, सगळ्यात आतल्या, सगळ्यात जपलेल्या माणसापर्यंत?

त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. नऊ दिवस होते. तीन दिवस वाईट गेले. नर्सच्या फोनवरून एकदा बोलले, ते एवढंच, "मला कशाचाच वास येत नाय. हितं फिनेल मारतात म्हणे. मला नाय येत."

ते तिकडे असतानाच दादा पंखा घेऊन पेणहून आला. भोक पाडण्याआधी म्हणाला, "आधी हवा कुठे जाते ते बघू." अगरबत्तीचा अख्खा पुडा त्याने एका तांब्यात उभा केला, पेटवला आणि खुर्चीवर ठेवला. नदीकडची खिडकी रोजच्यासारखी उघडली. आम्ही दार लावून पडवीत आलो. दार-खिडक्यांच्या काचेतून आत धूर दिसत होता. आम्हाला वाटलं होतं तो खिडकीतून बाहेर जाईल. तो खिडकीच्या जवळ गेला आणि मागे फिरला. नदीवरचा वारा आत येत होता, धूर आत ढकलत होता. मग तो वर चढला, छताला लागला, आणि दिसेनासा झाला.

"गेला कुठे?" दादा म्हणाला.

तेवढ्यात घराच्या मागच्या बाजूने मावशींची हाक आली. बाबांच्या चादरी धुवायला काढायला त्या गेल्या होत्या.

"बाई! हिकडं या. आधी हिकडं या."

बाबांची खोली बंद होती तशीच होती, फक्त दार मावशींनी उघडलेलं. कॉटवर नुसती गादी. कॉटच्या वर पंखा, तो बंद. आणि पंख्याची दांडी जिथे छतात जाते त्या भोकातून धूर खाली उतरत होता. बारीक, पांढरा, अजिबात घाई नसलेला. तो दांडीवरून ओघळला, पात्यांवर पसरला आणि उशाच्या बाजूला खाली आला.

मावशींनी हात जोडलेले होते. "मोठ्या बाई," त्या म्हणाल्या. सासूबाईंना त्या तसंच म्हणायच्या.

दादाने शिडी लावली आणि छताचा एक तुकडा काढला. तेव्हा कळलं. भिंत घातली तेव्हाच, एसीसाठी, आम्ही दोन्ही खोल्यांना एकदमच प्लास्टरचं खोटं छत केलं होतं. मधली भिंत त्या खोट्या छतापर्यंतच होती. त्याच्या वर, खऱ्या स्लॅबपर्यंत, दोन्ही खोल्यांची मिळून एकच पोकळी होती, हातभर उंचीची. माझ्या खोलीतली हवा दिव्यांच्या फटींतून वर जायची आणि बाबांच्या पंख्याच्या भोकातून खाली यायची. आणि मी खिडकी उघडून तिला अजून जोर दिला होता. जेवढी मी काळजी घेतली तेवढी ती तिकडे गेली.

दादाने टॉर्च मारला. आतल्या तुळईवर, वायरींवर, पांढुरका थर बसलेला होता. नुसती धूळ असेल. मी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दादा सिमेंट आणायला बाहेर पडला तेव्हा मी एक गोष्ट केली. दादाला ती सांगितली नाही. कापसावर लवंगेचं तेल घेतलं, रोज घेते त्याहून थोडं जास्त, आणि तो खुर्चीवर ठेवून दार लावलं. बोळातून मागे गेले आणि बाबांच्या कॉटवर बसले, उशाकडे. नाकाला सवय होऊ नये म्हणून सकाळपासून मी दवाखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. आताही श्वास रोखून गेले आणि रोखून आले.

पाच मिनिटं काही नाही. पडवीच्या कौलावर कावळा चालत होता. मग आली.

मी मुद्दाम "आली" म्हणते, कारण मला तसंच वाटलं. कापूस मीच ठेवला होता, वाट मी डोळ्यांनी बघितली होती, तरी माझी पाठ ताठ झाली. वरून, डोक्याच्या मागून, कोणीतरी माझ्यावर वाकून काही बोलायला तोंड उघडावं तशी. मी ओढणी सारखी केली. सासूबाई समोर आल्या की मी करायचे तशी. आणि शब्दांची वाट बघत बसले.

शब्द आले नाहीत. मी उठले, खुर्चीवरचा कापूस उचलून पिशवीत बांधून टाकला आणि हात धुतले.

दादाने मधली भिंत विटा लावून स्लॅबला भिडवली. पंखा नदीच्या विरुद्ध बाजूला, उंचावर बसवला, बाजूच्या पडीक जागेकडे तोंड करून. आता पडवीतून हवा आत येते, खुर्चीवरून जाते आणि बाहेर पडते. पुन्हा अगरबत्ती लावून बघितली. बाबांच्या खोलीत काहीही आलं नाही. मावशी तिथे अर्धा तास उभ्या होत्या, वर बघत.

बाबा घरी आले, वाळलेले, पण शुद्धीत. त्यांना खरंच आमच्या छतातून आजार झाला का, हे मला कोणी सांगू शकलं नाही. दूधवाल्याची पिशवी असेल. ताट असेल. डॉक्टर म्हणाले, आता शोधून काय उपयोग? पण मी दातांची डॉक्टर आहे. दुखणारा दात कुठला, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्यांना वास येईनासा झाला तो तीन महिने आला नाही. चहा म्हणजे गरम पाणी, म्हणायचे. दुपारी कॉटवर पडून असायचे, पण झोपत नसत. मी विचारत नव्हते आणि ते सांगत नव्हते. त्याच दिवसांत कोलाडचे गृहस्थ उरलेलं काम करून घ्यायला आले. त्यांनी विचारलं, "घरी सगळे ठीक ना म्याडम?" मी म्हटलं, "ठीक." बाबा पडवीतच बसले होते. ते त्यांच्याशी हॉटेल, गिऱ्हाईक, महामार्गाचे खड्डे असं बोलत बसले. मला ते बघवेना. मी आत जाऊन उगाच हत्यारं मांडली.

मग एके दिवशी बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. मी सुकट भाजत होते. "सुकट," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी. "आला वास." दुसऱ्या दिवशी साबण आला. मग पावडर, रॉकेल, ओली माती. आठवड्याभरात त्यांनी मला सगळी यादी सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "सगळं आलं. तीच नाय आली."

त्या दुपारी मी त्यांना सगळं सांगितलं. भिंत, पोकळी, धूर, खिडकी. कोलाडचा पेशंट आणि अकराची वेळ. फक्त मी त्यांच्या कॉटवर बसले होते, ते सांगितलं नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझं तेल," शेवटी म्हणाले.

"हो बाबा."

"बंद होतं तेव्हा आली नाय ती त्यामुळे."

"हो."

"बरं." त्यांनी पाय कॉटवर घेतले. "ती गेली त्या वर्षीच्या गणपतीत तू पाच दिवस दवाखाना बंद ठेवलास. पाचव्या दिवशी, विसर्जनाला सगळे घाटावर गेलेले. मी एकटा घरात. तेव्हा आली होती. ते कुणाचं तेल?"

मी म्हटलं, छतात वास साठून राहिला असेल. मी म्हटलं, नाहीतर मसालेभात असेल, घरात लवंग असतेच.

"भाताची लवंग मला कळत नाय होय?" ते म्हणाले. "असेल. तू डॉक्टर हायस."

चार दिवसांनी त्यांनी आपल्या खोलीत शिडी मागितली. बाबांनी सगळी नोकरी कंपनीत गॅसच्या पाइपांवर केली. कुठून गळतंय ते शोधणं, हे त्यांचं काम. मी नको म्हणत असताना ते चढले. मावशींनी शिडी धरली. छताचा तुकडा बाजूला करून त्यांनी एक उदबत्ती पेटवली आणि दादाने बांधलेल्या विटांच्या कडेकडेने ती हळूहळू फिरवली. दवाखान्यात पेशंट नव्हता. धूर सरळ वर जात होता. डाव्या कोपऱ्यात, वायरची नळी जिथे भिंतीतून जाते तिथे, तो वाकडा झाला.

"हितं राहिलंय," ते वरून म्हणाले. "दोरा जाईल एवढं. तुझ्या भावाला दिसलं नाय."

"दादाला बोलावते उद्या," मी म्हटलं.

"उद्या कशाला? पुट्टी हाय ना घरात? पोरगी माझ्या खोलीत अभ्यासाला बसते."

मी पुट्टी कालवून वाटीत दिली. त्यांनी ती अंगठ्याने दाबली, थोडी थोडी, पुन्हा पुन्हा, त्या दोऱ्याएवढ्या जागेसाठी निम्मी वाटी. काम झाल्यावरही ते लगेच उतरले नाहीत. डोकं छताच्या वर, धड आमच्याकडे. त्या पोकळीत ते काहीतरी बोलले. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी शब्द ऐकले नाहीत, आणि विचारलेही नाहीत.

त्याला आता बरीच वर्षं झाली. गावातल्या बहुतेक दवाखान्यांनी खोली रिकामी सोडणं केव्हाच बंद केलं. मी थोडा वेळ तरी सोडते. गुळण्या, रबराचा पडदा, मोठ्या तोंडाची नळी आणि पंखा, यांतलं काही मी सोडलेलं नाही. पेशंट कुरकुरतात. "म्याडम, आत तर कोणी नाय," म्हणतात. मावशी त्यांना पाणी देतात आणि स्वतः दाराकडे तोंड करून बसतात.

बाबा वरच्या खोलीत झोपतात, जिना चढायला त्यांना अजून कोणाचा हात लागत नाही. खालची खोली मुलीची झाली. ती अकरावीत आहे. मी तिला त्या खोलीबद्दल कधी काही विचारलेलं नाही. गेल्या महिन्यात झाडायला गेले तर तिने कॉट पंख्याखालून काढून खिडकीशी ओढलेली दिसली. उकाड्याचे दिवस होते, पंखा मात्र खोलीच्या मधोमध. मी म्हटलं, अशी का सरकवलीस?

"सहजच," ती म्हणाली, आणि पुस्तकातून वर बघितलं नाही.